कचरा जातो कोठे? वस्तीच्या घनकचऱ्याचे नियोजन आणि मूल्यमापन



घर झाडून स्वच्छ ठेवावे, हे आपणां सर्वांना लहानपणापासून शिकविले जाते. झाडून काढलेला केर पुढे कोठे जातो, हे मात्र कोणी शिकवीत नाही. केर दाराबाहेर गेला की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्या दाराबाहेरच्या प्रवासाचा विचार करणार आहोत. संस्थेच्या सभासदांना आपल्या इमारतीत किंवा आळीत उपयोगी पडावा आणि विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी आधार मिळावा, अशा बेताने हा विषय मांडला आहे.

१. रोडपालीचा उकिरडा आणि रोडपालीचा कचरा

रोडपाली हे मूळचे खाडीलगतचे भातशेतीचे गाव. अशा गावात कचऱ्याची व्यवस्था नव्हती असे म्हणणे चुकीचे आहे. घरामागे उकिरडा असे. शेण, चुलीतली राख, भाजीची देठे, पालापाचोळा त्यात पडे. भाताची रोपे करण्यापूर्वी शेतात राब भाजला जाई, त्यातही शेण आणि पाला खपे. उकिरड्याचे खत शेतात जाई. गावाने जे टाकले ते गावाच्याच मातीला मिळे.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई उभी राहू लागली. कळंबोलीची वसाहत आली, लोखंड-पोलादाचा बाजार आला, शेतांच्या जागी इमारती आल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि परिसरातील वसाहतींबरोबर आसपासची गावेही तिच्या हद्दीत आली. या काळात कचऱ्याची जातच बदलली. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची वेष्टने, थर्मोकोल, डायपर, ट्यूबलाइट आणि औषधांची पाकिटे उकिरड्याला पचत नाहीत. शिवाय आता घरामागे उकिरडाही नाही आणि त्याचे खत घेणारे शेतही नाही.

आपली जमीनही सखल आहे. म्हणून तर सिडकोला या भागात धारण तलाव बांधावे लागले. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला तर पाणी लवकर ओसरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवसाच्या आठवणी या भागातही आहेत. नाल्यात अडकलेल्या प्लास्टिक पिशव्या पुराला कशी मदत करतात, हे त्या वर्षी साऱ्या राज्याच्या लक्षात आले. पुढे २०१८ साली राज्य शासनाने प्लास्टिक पिशव्या आणि थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, तिच्यामागे हाही अनुभव होता.

दुसऱ्याने टाकलेले आपल्या दारी आले की कसे वाटते, हेही या परिसराला ठाऊक आहे. तळोजा औद्योगिक वसाहतीतून येणारी कासाडी नदी आपल्याच भागातून खाडीकडे जाते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली आणि ती छायाचित्रे जगभर छापून आली. कारखान्यातील रंग कुत्र्यांच्या अंगावर चढला होता. ज्यांनी हे सोसले, त्यांनी आपला कचरा दुसऱ्याच्या दारी लोटताना थोडे थांबून विचार केला पाहिजे.

२. विल्हेवाट म्हणजे काय?

आपण ‘विल्हेवाट लावली’ असे म्हणतो, तेव्हा बहुधा आपण तो कचरा नजरेआड केलेला असतो. शास्त्रीय अर्थाने विल्हेवाट म्हणजे कचऱ्याला अशा शेवटच्या अवस्थेपर्यंत नेणे, की त्यापासून माणसाला, पाण्याला, मातीला व हवेला अपाय होणार नाही. केवळ जागा बदलणे ही विल्हेवाट नव्हे.

मुंबईचे देवनार येथील क्षेपणभूमी १९२७ पासून वापरात आली. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तिला आग लागली, तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी पडला. तेथील लोकांनी गाड्या अडविल्या तेव्हा शहराला आपला कचरा कोठे जातो ते कळले. आपल्याकडे सिडकोच्या काळात वसाहतींचा कचरा तळोज्याजवळील चाळ गावाकडे नेला जाई. म्हणजे प्रत्येक स्वच्छ वस्तीच्या पाठीमागे एक गाव असते, ज्याचे नाव त्या वस्तीतल्या मुलांना माहीत नसते.

कचरा शून्यावर आणणे शक्य नसेल. पण त्या गावाकडे जाणारी गाडी अर्धी रिकामी करणे शक्य आहे. आमच्या मते सर्व नियोजनाचे मर्म एवढेच आहे.

३. कचऱ्याचे चार भाग

घनकचऱ्याविषयी देशभरासाठी पहिले नियम २००० साली झाले. २०१६ साली ते बदलले आणि २०२६ साली पुन्हा नवे नियम आले. त्यांनुसार घरातच कचऱ्याचे चार भाग करावयाचे आहेत.

(अ) ओला कचरा : भाजीची देठे, फळांच्या साली, उष्टे-खरकटे, चहाचा चोथा, फुले.

(आ) सुका कचरा : कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, पत्रा, कापड.

(इ) आरोग्यविषयक कचरा : डायपर, सॅनिटरी पॅड, मलमपट्टीचा कापूस. हा कागदात नीट गुंडाळून वेगळा द्यावा.

(ई) विशेष काळजीचा कचरा : बल्ब, तापमापक, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधे.

जुने मोबाइल, वायरी आणि सेल यांच्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. तेही रोजच्या डब्यात टाकू नयेत.

४. नियोजनाच्या पायऱ्या

पहिली पायरी : वजन. अंदाजाने नियोजन होत नाही. सलग सात दिवस वस्तीतील सर्व कचरा ताणकाट्यावर वजन करून वहीत लिहावा. सातच दिवस का? कारण रविवारचा कचरा सोमवारपेक्षा निराळा असतो. ही मोजणी वर्षातून किमान दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात करावी. पावसाळ्यात कचरा भिजून जड होतो.

दुसरी पायरी : नमुना. कचऱ्यात काय किती आहे, हे पाहण्यासाठी सगळा ढीग निवडण्याची गरज नाही. ढीग नीट कालवून जमिनीवर पसरावा, त्याचे चार समान भाग करावेत. समोरासमोरचे दोन भाग बाजूला काढून उरलेले दोन पुन्हा कालवावेत. असे करीत दहा-पंधरा किलोचा नमुना उरला की तो प्रकारवार वेगळा करून वजन करावे. हे काम करताना हातमोजे आणि बूट अत्यावश्यक आहेत.

तिसरी पायरी : मार्ग ठरविणे. चारही भागांपैकी प्रत्येकाचा शेवट कोठे होणार, ते कागदावर लिहावे. ओला कचरा आवारातल्या खतटाक्यात, सुका कचरावेचक ताईंकडे किंवा भंगारवाल्याकडे, उरलेला घंटागाडीत. ज्या भागासमोर शेवटचे ठिकाण लिहिता येत नाही, तेथे योजना अपुरी आहे असे समजावे.

चौथी पायरी : माणसे, वेळ आणि पैसा. कोण गोळा करणार, किती वाजता, त्यास वेतन किती आणि ते दर महिन्याच्या कोणत्या तारखेला मिळणार, हे सभेत ठरवून ठरावात लिहावे.

५. एक उदाहरण

आकडे समोर असले की विषय स्पष्ट होतो. पुढील आकडे शिकविण्यासाठी कल्पिलेले आहेत. आपल्या वस्तीचे खरे आकडे वरील मोजणीतून काढावेत.

समजा, एका गृहनिर्माण संस्थेत २०० घरे आहेत आणि दर घरी सरासरी ४ माणसे. म्हणजे ८०० माणसे. आपल्या देशात शहराच्या आकारानुसार दर माणशी दररोज साधारण २०० ते ६०० ग्रॅम कचरा धरला जातो. आपण ३५० ग्रॅम धरू.

८०० × ३५० ग्रॅम = २८० किलो दररोज.

दररोज १०० किलो किंवा अधिक कचरा करणारी संस्था नियमांच्या दृष्टीने मोठी कचरा-उत्पादक ठरते. आपल्या कचऱ्याची अधिक जबाबदारी तिने स्वतः उचलावी, अशी अपेक्षा असते. म्हणजे २०० घरांची आपली साधी इमारतही ‘मोठ्यां’त मोडते.

यातला निम्मा, १४० किलो, ओला धरू. एक घनमीटर जागेत सुमारे ५०० किलो ओला कचरा मावतो, म्हणून रोज ०.२८ घनमीटर जागा लागेल. २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ मीटर उंच असे टाके सुमारे एका आठवड्यात भरेल. अशी ७ टाकी बांधली तर सातवे भरून होईपर्यंत पहिल्याला सहा आठवड्यांची विश्रांती मिळते आणि त्यातले खत काढण्याजोगे होते. कचरा कुजताना बसतो, तेवढ्यात कोरड्या पाल्याची जागा निघते.

येथे एक सूचना महत्त्वाची आहे. पुस्तकात खड्डा खणण्यास सांगितलेले असते. रोडपालीसारख्या सखल जागी खणलेला खड्डा जुलैत विहीर होतो आणि खताऐवजी दुर्गंधी मिळते. म्हणून जमिनीच्या वर, विटांमध्ये फटी ठेवून बांधलेले आणि वर पत्रा असलेले टाके घ्यावे. तळाशी विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या, मग ओल्या कचऱ्याचा थर आणि त्यावर कोरडा पाला असे थर द्यावेत. वास आला तर समजावे की हवा कमी आणि पाणी जास्त आहे. पाला वाढवावा आणि थर उलटेपालटे करावेत. खत विकून संस्था श्रीमंत होईल, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. मूळ वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकेच खत हाती येते. खरा लाभ असा की १४० किलो कचरा कोणाच्याही गावाला गेला नाही.

६. हात कोणाचे?

आम्ही येथे स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या दिवशी आम्ही भोजनदान केले. ताटे थर्मोकोलची होती, पाणी पिशव्यांतले होते. भाषणे झाली, हजारो माणसे जेवली, समाधान वाटले. रात्री मंडपवाल्याने सगळा ढीग नाल्याच्या कडेला लोटला. पहाटे आम्ही खुर्च्या मोजायला गेलो तेव्हा एक बाई वाकून, उघड्या हातांनी तो ढीग उपशीत होती. आम्हांला पाहून तिने कंबर सरळ केली आणि ‘जयभीम’ म्हणाली. जयभीमला उत्तर देताना आम्हांला मान वर करता आली नाही.

कोणत्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची घाण उचलली, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला, तो याच हातांसाठी. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करण्यासाठी १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले. तरीही आपण डायपर उघडाच डब्यात टाकतो तेव्हा ती प्रथा मागल्या दाराने परत आणतो. तो डबा शेवटी कोणाच्या तरी हाताने निवडला जातो. शिकलेल्या, नोकरी लागलेल्या, फ्लॅटमध्ये आलेल्या आपल्या लोकांनी हे विसरणे अधिक लाजिरवाणे आहे.

विनयपिटकात भिक्खुनींसाठी एक नियम आहे. भिंतीपलीकडे किंवा कुंपणापलीकडे मलमूत्र, केर वा उष्टे टाकणे हा दोष आहेच, पण ते दुसऱ्याकडून टाकविणे हाही तितकाच दोष मानला आहे. ‘आम्ही नाही टाकले, मंडपवाल्याने टाकले’ ही आमची सबब त्या नियमापुढे टिकत नाही.

त्याच पिटकात आनंद स्थविरांची एक गोष्ट येते. कौशांबीच्या राजा उदयनाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दिली. इतक्या वस्त्रांचे करता काय, असे राजाने विचारले. आनंदांनी सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती देऊ. जीर्ण चीवरांची पांघरणे व गादीचे अभ्रे करू, ते विरले की जमिनीवर अंथरू, मग पायपुसणी, मग धूळ झाडण्याची फडकी. आणि फडकीही फाटली की चिखलात मळून जमीन सारवू. वस्तूचा पुनर्वापर म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा आम्हांला माहीत नाही.

७. इतरांनी काय केले?

हे सारे कागदावरचे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला या लहान नगर परिषदेने घरोघरी वर्गीकरण काटेकोर केले, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस व खत केले आणि एकेकाळच्या कचरा डेपोचे रूप असे पालटले की लोक तो पाहायला जाऊ लागले. नवी मुंबई महानगरपालिकेने कोपरखैरणे येथील जुनी क्षेपणभूमी शास्त्रीय पद्धतीने बंद करून तेथे निसर्ग उद्यान उभे केले. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, डॉ. बाबा आढाव यांचे नेतृत्व तिला लाभले. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिने महापालिकेशी करार केला. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या बाया त्या संस्थेच्या मालक-सभासद आहेत. कचरा तोच, पण काम करणाऱ्याचे स्थान बदलले.

८. मूल्यमापन : पाच कसोट्या

स्वच्छता मोहिमेच्या दिवशी झाडू हाती घेऊन काढलेला फोटो हे मूल्यमापन नव्हे. मोहिमेनंतर एकविसाव्या दिवशी काय दिसते, ते पाहावे. दर महिन्याला पुढील पाच कसोट्या लावून त्या सूचनाफलकावर लिहाव्यात.

(१) वळविलेला हिस्सा. वरील उदाहरणात ३० दिवसांचा कचरा ८,४०० किलो. त्यातून समजा ३,३६० किलो खतात गेला आणि १,२६० किलो सुका कचरा भंगारात गेला. दोन्ही मिळून ४,६२० किलो, म्हणजे ५५ टक्के. उरलेला ३,७८० किलो दुसऱ्याच्या गावी गेला. पुढील महिन्यात हा शेवटचा आकडा कमी झाला काय, हा मुख्य प्रश्न.

(२) वर्गीकरण. न सांगता कोणत्याही दहा घरांचे डबे पाहावेत. दहापैकी किती घरांनी नीट वेगळे केले, ते मोजावे. चुकणाऱ्या घराचे नाव फलकावर लावू नये, घरी जाऊन समजावून सांगावे.

(३) परिसर. नाल्यात, कोपऱ्यावर, विजेच्या खांबाखाली पडलेले ढीग मोजावेत. कोठेही कचरा जाळला गेला असेल तर ती योजनेची हार समजावी. प्लास्टिकचा धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

(४) कामगार. वेतन तारखेला मिळाले काय? हातमोजे, बूट, हात धुण्यास साबण-पाणी आहे काय? महिन्यात किती वेळा काच लागली? आजारपणाची रजा मिळते काय? ही उत्तरे समितीने परस्पर लिहू नयेत, त्या ताईंना विचारून लिहावीत.

(५) खर्च. एकूण खर्चाला घरांच्या संख्येने भागावे. दरमहा दर घरी किती पडले, ते सर्वांना कळू द्यावे. हिशेब उघडा असला की वर्गणी देताना कोणी कुरकुरत नाही.

पहिली कसोटी उत्तम आणि चौथी नापास, असे आढळल्यास संपूर्ण योजना नापास समजावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या स्वच्छतेची किंमत एका माणसाचे आरोग्य आणि मान आहे, ती स्वच्छता आपल्याला परवडणारी नाही.

९. समारोप

त्या पहाटेनंतर आम्ही भोजनदान बंद केले नाही. स्टीलची ताटे भाड्याने आणली, पाण्याचे पिंप आणि पेले ठेवले, खरकट्यासाठी वेगळे टोप ठेवले. ताटे धुण्याची पाळी कार्यकर्त्यांनीच वाटून घेतली, त्यात पदाधिकारीही आले. पहिल्या वर्षी गोंधळ झाला, पेले हरवले, रात्रीचे दोन वाजले. परंतु दुसऱ्या दिवशी नाल्याच्या कडेला उपसण्यासारखे काही नव्हते.

मोठे प्रकल्प महापालिकेने करावयाचे आहेत आणि ते तिने केले पाहिजेत, असा आग्रह आपण धरलाच पाहिजे. परंतु वजनाची वही, चार डबे आणि सात टाकी यांसाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक वस्तीने येत्या वर्षात निदान एक सात दिवसांची मोजणी करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. आपल्या घरातील सात दिवसांचा ओला व सुका कचरा वेगवेगळा मोजा आणि दर माणशी सरासरी काढा.

२. ५० घरांच्या, दर घरी ५ माणसे असलेल्या वस्तीसाठी वरील पद्धतीने खतटाक्यांची संख्या काढा.

३. आपल्या आजी-आजोबांना विचारून त्यांच्या लहानपणी घरातील केर कोठे जाई, ते दहा ओळींत लिहा.

४. आपल्या वस्तीत कचरा गोळा करणाऱ्या व्यक्तीचे नाव आपल्याला माहीत आहे काय? नसल्यास उद्या सकाळी विचारा. या प्रश्नाला गुण नाहीत.